लल्ला झैनब यांचा वकील

अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्सच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर बू सादा आणि तेथून थोडे पुढे एल हामेल. शेजारच्या बाई मला आग्रहाने तेथील झावियात, म्हणजे मठासारख्या सूफी संस्थेत, घेऊन गेल्या. सूफी संत लल्ला झैनब येथे वडिलांशेजारी विसावल्या आहेत. ‘लल्ला’ हा आपल्या ‘आईसाहेबां’सारखा मान.

स्त्री संत म्हटले की मला जनाबाई, मुक्ताबाई आठवतात. वकीलपत्र देणारी संत मला ठाऊक नव्हती. १८९७ मध्ये झैनब यांचे वडील आणि झावियाचे प्रमुख शेख मुहम्मद बिन अबी अल-कासिम वारले, त्यापूर्वीच बू सादाच्या कॅप्टन क्रोशार या फ्रेंच अधिकाऱ्याने दबाव आणून त्यांच्याकडून पुतण्याला वारस ठरवणारे पत्र लिहवून घेतले होते. अविवाहित झैनब यांनी ते पत्र मानले नाही, चुलतभावाच्या हाती कारभार जाऊ दिला नाही, आणि क्रोशारने धाकदपटशा सुरू करताच अल्जीयर्सचा मॉरिस लाद्मिराल हा वकील गाठून थेट वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. वाळवंटाच्या सीमेवर अशांतता नको म्हणून वरिष्ठांनी क्रोशारलाच आवरले, आणि १९०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत झावियाची सूत्रे झैनब यांच्याकडेच राहिली.

“तुमच्याकडे असे कोणी?” बाईंनी विचारले. मी तत्काळ झाशीच्या राणीचे नाव घेतले आणि तलवारीचे वर्णन करू लागले. मग आठवले की तलवारीआधी लक्ष्मीबाईंनीही वकीलच केला होता, जॉन लँग. वारसाचाच वाद, परकीय सरकारच, अर्जही तसेच, मात्र झाशी १८५४ मध्ये खालसा झाली. “म्हणजे आमच्या लल्ला जिंकल्या,” बाई हसून म्हणाल्या. हे वाक्य मला अकारण लागले. कंपनीला झाशीचे राज्य हवे होते, फ्रेंचांना एल हामेलची केवळ शांतता. दोन्ही अर्जांना एकच मोजमाप कसे लावायचे, हे मी त्यांना तावातावाने समजावले, आणि राणी पुढे रणांगणात पडली हेही दोनदा सांगितले, जणू पराभवाची भरपाई मलाच करायची होती.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम विचारले, झैनब यांच्यानंतर झाविया कोणाकडे गेला? त्याच चुलतभावाकडे, हे कळल्यावर मला जरा बरे वाटले, याची आता लाज वाटते.

“गेला खरा,” बाई म्हणाल्या, “पण त्याला सात वर्षे थांबावे लागले.”