एसी/डीसीची टोकदार अक्षरे

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचे टोकदार बोधचिन्ह जेरार्ड ह्युर्टा यांनी 1977 मध्ये 'लेट देअर बी रॉक' या अल्बमसाठी रेखाटले, आणि त्यामागची प्रेरणा गुटेनबर्गच्या (पंधराव्या शतकातील जर्मन मुद्रक) बायबलमधील छपाईची होती. चर्चची लिपी रॉकवाल्यांच्या टी-शर्टवर जाऊन बसली, याची मला अजूनही गंमत वाटते. मूळ चिन्हात अक्षरे तीनच, म्हणजे ए, सी आणि डी. त्यावरून बाकीची वर्णमाला कल्पून रे लाराबी यांनी 'स्क्वीलर' हा फाँट तयार केला.

विंडोजवर तो बसवणे सोपे आहे: डाउनलोड केलेली झिप फाइल एक्स्ट्रॅक्ट करून आतील फाँटफाइलवर राइट क्लिक करावे, 'इन्स्टॉल' निवडावे, आणि यादीत नाव दिसत नसेल तर वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. हा फाँट मोठ्या आकारातील दोन-तीन शब्दांनाच शोभतो. परिच्छेदभर वापरल्यास वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. त्यात देवनागरी नसल्यामुळे मराठी मजकूर टंकल्यास संगणक परस्पर दुसराच फाँट लावतो. पोस्टर छापखान्यात देण्यापूर्वी अक्षरांचे आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँटशिवायही दिसणाऱ्या आकृत्यांमध्ये, रूपांतर करावे, कारण तिथल्या संगणकावर हा फाँट असेलच असे नाही.