रात्रपाळीचा पगार
आज आमच्या रात्रनिवाऱ्यासाठी इंदूरमधल्या एका कंपनीत गेले होते. ३ वर्षांच्या कामाचा दाखला, सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणजे सीएसआर, घ्यायला संस्थेला लागते ती), सगळं घेऊन. साहेबांनी ब्लँकेटं लगेच मंजूर केली. म्हटलं, ब्लँकेटं आहेत हो, रात्रपाळीच्या माणसाचा पगार द्या. ते सीएसआरमध्ये बसत नाही म्हणाले.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. मग त्यात माणूस का बसू नये? फार वाईट वाटलं.

येताना सरवटे बसस्टँडपाशी एक आजी दिसल्या. अंगावर जुनं लुगडं, आणि नवंकोरं ब्लँकेट घडी करून पोटाशी धरलेलं.

"पांघरा ना, आजी."

"झोप लागली की ओढून नेतात गं. म्हणून बसूनच राहते."