कन्सल्टन्सीच्या फोनमागचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमधून पुण्यातली नोकरी शोधायला लागलो, तेव्हा सगळ्यात जास्त मनस्ताप कन्सल्टन्सीच्या, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एजन्सींच्या, फोनांनी दिला. सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पिरियड एवढं विचारलं की फोन बंद. नंतर ना होकार, ना नकार. माणसाला असं ताटकळत ठेवणं चूकच, हे मी आजही म्हणतो. पण त्यामागचा व्यवहार कळल्यावर माझी पद्धत बदलली.

कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, तेही उमेदवार रुजू झाल्यावर. बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. एकाच जागेसाठी तीन-चार कन्सल्टन्सी धावतात आणि ज्याच्याकडून सीव्ही आधी पोचला त्याची फी. घाई त्यातून येते. नकार कळवण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. (रजिस्ट्रेशन म्हणून उमेदवाराकडेच पैसे मागणाऱ्याशी बोलणं तिथंच थांबवावं.)

खरा धोका वेगळाच. दोन कन्सल्टन्सींनी तुमचा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला, तर फीचा वाद नको म्हणून कंपनी अर्जच बाजूला ठेवू शकते, आणि तुम्हाला कारण कळत नाही. म्हणून कंपनीचं नाव, प्लँट आणि पद कळल्याशिवाय सीव्ही द्यायचा नाही. दिला की लगेच एक ओळ मेल करायची: ‘फक्त या जागेसाठी माझी संमती आहे, दुसरीकडे पाठवण्याआधी विचारा.’ वहीत तारीख, कन्सल्टन्सी, कंपनी, पद आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. नवा फोन आला की आधी वही उघडायची.

फोनवरच्या माणसाने बहुतेक वेळा मशीन पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर शब्दांची यादी असते. सीव्हीत नुसतं ‘ऑपरेटर’ लिहिलं तर त्याला काही सापडत नाही. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन), फानुक कंट्रोल (मशीन चालवणारी संगणक प्रणाली), सेटिंग की प्रोग्रॅमिंग, एसजी आयर्न (एक प्रकारचं बीड) की ॲल्युमिनियम, किती मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं) काम, हे पहिल्या सहा ओळींतच हवं. टेबल आणि दोन कॉलम टाळावेत, सीव्ही वाचणारं सॉफ्टवेअर मजकुराची सरमिसळ करतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: गावाचं नाव २०१४ मध्ये बदललं, पण जुन्या स्पेलिंगने शोधणारे अजून आहेत. सीव्हीत Belgaum आणि Belagavi, दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं लिहावीत.

पगार ठरवताना हातात किती येणार ते विचारावं. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफ आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही धरलेली असते.

सीव्ही दिल्यानंतर तिसऱ्या आणि सातव्या कामाच्या दिवशी कन्सल्टन्सीला एकेक मेसेज. तरी उत्तर नाही, तर ती ओळ वहीत बंद करून पुढे जायचं. पुणे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मुलाखतीची पहिली फेरी व्हिडिओवर मागावी, आणि वेळ व भेटणाऱ्याचं नाव मेलवर आल्याशिवाय रात्रीच्या गाडीचं तिकीट काढू नये. ‘तुमचं झालं’ असं फोनवर ऐकून मी राजीनामा दिला नाही. सही, पगाराची फोड आणि रुजू व्हायची तारीख असलेलं ऑफर लेटर हातात आल्यावरच दिला.