क्रोशाच्या सुईची मान

गेल्या पाच वर्षांत मी हाताने केलेल्या क्रोशाच्या लाकडी सुयांपैकी सतरा सुया मोडल्या आणि त्यांतल्या चौदा एकाच जागी, मानेत, मोडल्या. टोकाच्या खाचेलगत सुई जिथे सर्वांत बारीक होते, त्या भागाला आमच्या घरात मान म्हणतात. मोडलेले सगळे तुकडे मी काचेच्या एका बरणीत ठेवले आहेत. प्रत्येकाला लाकडाचे नाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे, आणि लाकडाविषयी मला जे काही समजते त्यातले बरेचसे त्या बरणीमुळे समजलेले आहे.

या कामाची सुरुवात निसर्ग चक्रीवादळानंतर झाली. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे आम्ही त्या वेळी दापोली तालुक्यातल्या माझ्या सासरच्या घरीच होतो. आमच्या वाडीतले तेवीस माड, एक जुना बरका फणस, दोन रायवळ आंबे आणि विहिरीजवळचा पेरू पडला. फणसाला आणि आंब्यांना गिऱ्हाईक होते. पेरूची मात्र कोणी चौकशी केली नाही, कारण त्याचा सरळ तुकडा हातभरही निघत नाही, आणि तो चुलीसाठी पडवीत रचून ठेवला गेला.

माझ्या सासूबाई जवळजवळ पन्नास वर्षे क्रोशाचे काम करत आल्या आहेत. घरातल्या तीन लग्नांच्या रुखवतात त्यांनी विणलेली तोरणे आणि ताटांवरचे रुमाल मांडलेले होते, आणि ते सारे काम मिलीमीटरभर जाडीच्या पोलादी सुईने, पांढऱ्या सुती दोऱ्यात केलेले होते. त्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा सुजू लागला आणि ती बारीक, गुळगुळीत सुई चिमटीत दाबून धरणे त्यांना अशक्य झाले. जाड दोरा आणि जाड सुई घेतली तर बोटे फारशी आवळावी लागणार नाहीत, असे वाटून मी पडवीतल्या पेरूची एक फांदी उचलली आणि कोयतीने व चाकूने पेन्सिलएवढी सुई तासली. त्यांनी ती दोन दिवस वापरली आणि मग म्हणाल्या, "अगं, हात दुखत नाही, पण दोऱ्याला खाच सापडत नाही. आत जाताना टाका फाडते आणि बाहेर येताना दोरा सोडून येते."

त्यांचे हे दोन वाक्यांतले परीक्षण इतके नेमके होते की पुढची दोन वर्षे मी त्याच दोन दोषांवर काम करत होते. सुईचे टोक फार अणकुचीदार असेल तर ते दोऱ्याचे पदर वेगळे करते, आणि फार बोथट असेल तर घट्ट विणलेल्या मुक्या खांबात, म्हणजे आखूड, दाट टाक्यात, शिरतच नाही. खाचेचा ओठ आतल्या बाजूने किंचित गोलसर लागतो, नाहीतर बाहेर येताना तो मागच्या फेरीतल्या टाक्याला अडतो. मान ओठापेक्षा बारीक हवी, कारण ओढलेला दोरा तिथे बसतो. मानेच्या मागे दांडा हळूहळू पूर्ण जाडीला येतो, आणि वीण सैल होणार की घट्ट हे त्या पूर्ण जाडीच्या भागावरून ठरते. मूठ कितीही जाड केली तरी विणीत फरक पडत नाही, आणि दुखऱ्या हातासाठी लाकडी सुई करण्यात खरा लाभ आहे तो इथेच. पाच मिलीमीटरच्या दांड्याला मी चौदा मिलीमीटर जाडीची मूठ ठेवू शकते आणि अंगठा टेकायला तिच्यावर एक चपटी बैठक कोरू शकते. ही बैठक सासूबाईंच्या अंगठ्याच्या मापाची आहे, ती खाचेच्या तोंडाशी एका रेषेत असावी लागते, आणि दोन अंशांचा फरकही त्यांच्या लगेच लक्षात येतो.

आता मानेकडे वळते. गोल दांड्याची मोडण्याला विरोध करण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाच मिलीमीटरचा दांडा सहाचा केला तर ती जवळजवळ पावणेदोन पट होते आणि साडेतीनचा केला तर एकतृतीयांश उरते. खाच कापल्यावर तर त्या व्यासातलाही काही भाग निघून जातो. म्हणून साडेतीन मिलीमीटरच्या खाली मी लाकडाची सुई करत नाही. त्याहून बारीक कामाला पोलादच योग्य आहे.

परंतु माझ्या बरणीतल्या बऱ्याच सुया जाड होत्या आणि तरीही मोडल्या. त्यांचे कारण लाकडाच्या रेषेत होते. झाडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात, पण ते फळीच्या कडेला समांतर असतातच असे नाही, आणि करवत त्यांची पर्वा न करता सरळ कापत जाते. करवतीने कापलेल्या कांडीत तंतू तिरके गेले असतील तर मानेतल्या तीन मिलीमीटरमध्ये एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने ते बाहेर पडतात, आणि तिथे सुईला धरून ठेवणारे असे काहीच राहत नाही. अशी सुई तिरकी, लांब काप पडून मोडते. त्यामुळे मी आता कांड्या कापत नाही, फोडते. पंधरा सेंटिमीटरच्या ओंडक्याच्या तोंडावर कोयती ठेवून लाकडी हातोड्याने ठोकले की लाकूड स्वतःच्या रेषेत दुभंगते, आणि त्या रेषेच्या बाजूने तासत गेले की मानेतला प्रत्येक तंतू टोकापासून मुठीपर्यंत अखंड राहतो. यात लाकूड फार वाया जाते. ज्यांच्या रंगांवर आणि नक्षीवर लोक भाळतात ती गाठीजवळची, वळणावळणाची लाकडे अशी फुटतच नाहीत, आणि सुंदर लाकडाच्या सुया करण्याच्या छंदातली सर्वांत अवघड गोष्ट मला हीच वाटते की लाकडातले जे रूप डोळ्याला भुलवते तेच मानेला घातक असते. तशा लाकडाचा उपयोग मी फक्त मुठीच्या टोकाला बसवायच्या मण्यासाठी करते.

वादळात पडलेल्या झाडांनी याहून वेगळा धडा दिला. आंब्याच्या एका सरळ, बिनगाठीच्या तुकड्यातून केलेल्या तीन सुया एकामागून एक मोडल्या, आणि त्यांचा छेद तिरका नव्हता, गाजर मोडावे तसा सपाट आडवा होता. झाड वाऱ्याने जोरात वाकते तेव्हा वाकलेल्या बाजूचे तंतू दबून चुरडतात. तो चुरा बाहेरून दिसत नाही, झाड पुढे कित्येक वर्षे उभेही राहते, पण लाकडात आडव्या, केसासारख्या सुरकुत्या राहून जातात. कांडी गुळगुळीत करून तिच्यावर तिरका उजेड पाडला तर या सुरकुत्या दिसतात. आता वादळातल्या प्रत्येक तुकड्याची मी अशी तपासणी करते आणि खोडाऐवजी शक्यतो जाड फांद्यांचे तळ निवडते.

माडाचे लाकूड मला अतिशय आवडते. जुन्या माडाच्या बाहेरच्या कड्यात, फिक्या तपकिरीवर काळसर ठिपके आणि रेघा असतात आणि तेल लावल्यावर त्या उठून दिसतात. मात्र माडाला आंब्या-फणसासारखी वलये नसतात. मऊ गरात कठीण तंतूंच्या जुड्या उभ्या रोवलेल्या असाव्यात तशी त्याची घडण असते, आणि खाचेच्या ओठावर या जुड्या सुट्या होऊन कुसळासारख्या टोचतात. चार वेगवेगळ्या माडांचे तुकडे वापरून पाहिल्यावर मी माड फक्त मुठींसाठी ठेवला.

फणसाचा गाभा ताजा असताना पिवळाधमक असतो आणि उन्हात काही महिन्यांत मधासारखा गडद होतो. याच गाभ्याच्या ढलप्या उकळून श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात भिक्षूंची वस्त्रे रंगवत असत. साडेपाच मिलीमीटर आणि त्यापुढच्या सुयांना फणस उत्तम आहे, फक्त त्याची छिद्रे मोठी असल्याने घासण्याचे काम वाढते. खैराने मला फसवले. त्याचे लाकूड जड, तांबूस आणि आरशासारखे चकाकणारे होते, पण ज्या गाभ्यातून कात काढतात त्याचा रंग घामाने सुटणारच हे माझ्या ध्यानात आले नाही, आणि सासूबाईंच्या अर्ध्या झालेल्या पांढऱ्या रुमालावर विटकरी डाग पडले. ते डाग गेले नाहीत. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही आणि तो रुमाल उसवला. मी त्या दिवसापासून गडद लाकडाची प्रत्येक सुई ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवते आणि मगच कोणाच्या हातात देते.

शिसव मी एका सुताराकडून फर्निचरचे उरलेले तुकडे म्हणून घेतला. त्याचा जांभळट काळा रंग आणि त्याला हात लावल्यावर जाणवणारा थंडपणा यांची तुलना दुसऱ्या कशाशी करता येत नाही. शिसवाच्या डालबर्जिया प्रजातीतली झाडे २०१७पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणून त्याच्या सुया परदेशी पाठवण्याची विनंती आली की मी नम्रपणे नकार देते. शिवाय काळ्या सुईवर काळा किंवा गडद निळा दोरा दिसत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना तो संध्याकाळी अजिबातच दिसत नाही. अशा वेळी काळ्या कुड्याचे हस्तिदंतासारखे पांढरे लाकूड फार उपयोगी पडते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी याच झाडापासून करतात, कारण ते एकसारखे, बारीक पोताचे असते आणि लेथवर सुबक उतरते. हळदूही तशाच पोताचे आणि पिवळे आहे. साग वापरत नाही का, असे मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाते. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यांनी चाकूची धार लगेच जाते, आणि त्याच्या वलयांमधली ओळीने आलेली छिद्रे बारीक ओठाला मानवत नाहीत.

मानेच्या कसोटीला सर्वांत चांगली उतरली ती धामण. आमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे पिढ्यान्पिढ्या धामणीचे करत आले आहेत, कारण ती वाकते, हादरा सोसते आणि पुन्हा सरळ होते. तिच्यात डोळ्यांना भुरळ घालणारे काही नाही, लाकूड फिकट तपकिरी आहे, पण तिची एकही सुई माझ्या बरणीत नाही. तिच्यानंतर मी पेरूचे नाव घेईन.

लाकूड मिळवण्यासाठी मी झाड तोडत नाही आणि तोडायला सांगतही नाही. आंबा, फणस, चिंच, खैर यांसारख्या झाडांना १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागतेच, पण तो कायदा नसता तरी दोनशे ग्रॅम लाकडासाठी झाडाला हात लावणे मला पटले नसते. छाटलेल्या फांद्या, पडलेली झाडे आणि सुतारांकडचे उरलेले तुकडे एवढ्यावर माझे काम भागते.

ओल्या लाकडाच्या दोन्ही तोंडांना मी मेण लावते, म्हणजे ते तोंडाकडून घाईने वाळून तडकत नाही. कोकणात वाळलेले लाकूडही पावसाळ्यात पुन्हा ओल घेते. मे महिन्यात बरोबर पाच मिलीमीटर भरलेली सुई ऑगस्टमध्ये पाच पूर्णांक एक भरते, म्हणून अखेरचे माप मी दिवाळीनंतरच पक्के करते. कानशीनंतर एकशेवीस नंबरपासून सहाशे नंबरपर्यंत क्रमाने पॉलिश पेपर लावते. मध्ये दोनदा ओल्या फडक्याने पुसते, त्याने दबलेले तंतू उभे राहतात आणि सुकल्यावर घासून निघतात. हे आधी केले नाही तर घामाने ते वापरताना उभे राहतात. तपासणीसाठी कापसाचा बोळा ओठावरून फिरवते. बोटाला न कळणारा खरखरीतपणा कापसाला कळतो. घासताना तोंडाला मुसके बांधणे मी कधीही चुकवत नाही, कारण लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेले आहे.

गावात पुष्कळांनी खोबरेल लावण्याचा सल्ला दिला. खोबरेल वाळत नाही आणि दोऱ्याला लागते. जवसाचे तेल हवेत घट्ट होते. मी त्याचे तीन अगदी पातळ हात तीन-तीन दिवसांच्या अंतराने देते आणि शेवटी मधमाश्यांचे मेण चोळते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती दोरीवर पसरून वाळवावी लागतात.

सध्या सासूबाई धामणीच्या साडेचार मिलीमीटरच्या सुईने देवघराच्या दारासाठी तोरण विणत आहेत. बांधावरची एक जुनी करवंदीची जाळी वाट रुंद करताना निघाली आणि तिचा मनगटाएवढा बुंधा मला मिळाला. करवंदीचे लाकूड कठीण आणि गुळगुळीत असते आणि त्याचे चमचे व फण्या करत असत, एवढे मला माहीत आहे. बुंधा माळ्यावर ठेवला त्या दिवशी त्याचे वजन एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम होते, गेल्या रविवारी ते एक किलो एकशे दहा भरले. सलग तीन रविवार ते उतरले नाही की मी तो फोडेन.