तीन नंबरचा रॉड

गेल्या पावसाळ्यात इस्लामपूरचे एक साहेब पद्मिनी गाडीचं खोललेलं इंजिन टेम्पोत घालून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानात घेऊन आले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून या गाडीचे लाड करणारे जास्तच भेटायला लागलेत. साहेबांनी मोबाइलवर बरंच काही बघून ठेवलं होतं.

"मिस्त्री, आतलं जेवढं फिरतंय ना, तेवढं सगळं हलकं करा. फ्लायव्हील तर निम्मंच करा."

"निम्मं केलं तर सिग्नलला बंद पडंल साहेब."

"पडू दे. पण पिकअप पाहिजे."

फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाचं जड चाक. ते हलकं केलं म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही. १०८९ सीसीचं इंजिन आहे, ते तेवढंच राहतं. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फेऱ्या लवकर चढतात, सोडला की लवकर उतरतात. एवढं समजावून शेवटी दीड किलो कमी करायचं, यावर तोडलं. तेही काढायचं ते कडेचं. मधल्या एक ग्रॅमपेक्षा दुप्पट लांबच्या एक ग्रॅमचा जोर चौपट, त्यामुळे मध्ये खाऊन फायदा नाही. शिवाय मधे क्रँकचे बोल्ट, आणि फ्लायव्हील बिडाचं. तिथं पातळ केलं आणि ते फुटलं, तर त्याच्यावरचं कव्हर, बेल हाउसिंग, फोडून ड्रायव्हरच्या पायात येतं. लेथवर बांधून मागच्या बाजूनं, कडेच्या दातेरी रिंग गिअरच्या आतून, खाचेसारखं उतरवलं. बिडाची काळी भुकटी नाकात गेली की दोन दिवस शिंक काळी येते.

मग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. खरं काम इथं असतं. या इंजिनाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. मिनिटाला ५००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला दीडशेच्या वर वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाला थांबून खाली वळताना त्याच्या एकेका ग्रॅमची ओढ किलोभरापेक्षा जास्त भरते. कॉम्प्रेशनच्या वेळी वरून दाब तरी असतो. एक्झॉस्टच्या वेळी तोही नाही, सगळी ओढ रॉडनं आणि त्याच्या दोन बोल्टनी सोसायची.

चारी रॉड काट्यावर घातले. आधी पूर्ण, मग एक टोक टांगून मोठी बाजू वेगळी, लहान बाजू वेगळी. चारींत फरक दोन ग्रॅम. मी पोराला म्हणालो, "बघ, कुणीतरी आधीच वजन जुळवलंय. हात चांगला होता गड्याचा." रॉड घासायची गरजच उरली नव्हती. वरवर पॉलिश मारून द्यावं म्हणून एकेक हातात घेतला.

तीन नंबरच्या रॉडवर लहान टोकाच्या खाली, जिथं दांडा निमुळता होतो, तिथं आडव्या रेघा होत्या. कानशीच्या. पॉलिश पेपरनं बाकीच्या गेल्या, एक जाईना. नखाला लागत नव्हती, पण डोळ्याला दिसत होती. आता रॉकेल मिळत नाही, डिझेलवर भागवतो. चीर आहे का बघायला रॉड तासभर डिझेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला, वर खडू घासला. चहा पिऊन आलो तर पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली होती. बोटाच्या पेराएवढी लांब, बरोबर त्या कानशीच्या रेघेवरून.

रॉडवर कानस आडवी मारायची नाही, हे आमच्या वस्तादांनी पहिल्या महिन्यातच शिकवलेलं. उभी मारायची, दांड्याच्या लांबीनं. आडवी रेघ म्हणजे ओढीच्या तोंडावर दिलेली खाच, चीर तिथूनच सुरू होते. पण आडवी मारली की माल पटकन उतरतो.

कुठल्या गाढवानं केलं हे, असं म्हणत जोडीचा नंबर बघायला मोठ्या टोकाची सुटी कॅप फिरवली. रॉडवर ३, कॅपवर ३. दोन्ही तिनांचं खालचं शेपूट तुटलेलं.

तो तीनचा पंच, नंबर ठोकायचा, अजून आमच्या खणात आहे. १९९३ च्या सुमारास माझ्याच हातून तो ऐरणीवर घसरला आणि तुटला, आणि वस्तादांनी नवा सेट काही आणला नाही. साहेबांना विचारलं तर गाडी त्यांनी कोल्हापुरातल्याच एका डॉक्टरांकडून घेतलेली. आषाढीला वस्ताद वारीला जायचे, तेव्हा पंधरा दिवस दुकान माझ्यावर असायचं, आणि घासायचं काम तर एरवीही माझ्याकडेच. हाच रॉड मी घासला असं छातीठोक सांगता येत नाही. पण दुसरं कोण घासणार?

साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं चालला की हो!"

त्याला काय उत्तर द्यायचं. डॉक्टर सावकाश चालवत असतील, ५००० च्या आसपास कधी गेलेच नसतील. हलकं फ्लायव्हील बसवल्यावर हे साहेब मात्र रोज जाणार होते.

गाडी जिथं बनली त्या कुर्ल्याच्याच भंगार बाजारातून एक रॉड मागवला. तो अकरा ग्रॅम जड निघाला. दोन्ही टोकांच्या गड्ड्यांवरून थोडं थोडं काढत बाकीच्या तिघांशी जुळवला, दांड्याला फक्त उभा पेपर मारला. दिवसभर तेच केलं. पोरगा करतो म्हणाला, त्याला दिलं नाही. रॉडची मजुरी घेतली नाही, फ्लायव्हीलची घेतली.

इंजिन बसल्यावर आठवड्यानं साहेबांचा फोन. आवाजात नुसता आनंद. पन्हाळ्याचा घाट तिसऱ्यात चढली म्हणाले.

"फक्त एक आहे मिस्त्री, सिग्नलला बंद पडती."

"स्लो वाढवा," म्हटलं.