जळगावची गच्ची, ऑक्टोबर ते जानेवारी: तीन पांढऱ्यांचा हिशेब

मंडळी, मागच्या नोंदीत जास्वंद उपटून टाकायच्या बेतात होतो. टाकली नाही. घराच्या मागे कपाशीचं शेत आहे, त्यामुळे ऑक्टोबरात पिठ्या ढेकूण (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी कापसासारखी पांढरी कीड) आमच्याकडे मुक्कामाला येणार हे ठरलेलंच. शेंडे कापसाने गुंडाळल्यासारखे झाले, खालच्या पानांवर चिकटा, म्हणजे ढेकणांनी टाकलेला गोड चिकट रस, पडला आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी. मी दोन आठवडे त्या काळ्यालाच औषध मारत बसलो! ती बुरशी चिकट्यावर जगते. ढेकूण गेले की नुसत्या पाण्याने धुतली जाते.

शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पहिले मुंग्यास्ले देख." खोडावरून मुंग्यांची रांगच होती. चिकट्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात, त्यांना खाणारे किडे हुसकावतात. कुंडी तीन विटांवर चढवली, विटा पाण्याच्या जुन्या परातीत. (पाणी दोन दिवसांआड बदला, नाहीतर डासांची शेती होईल.) मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या टूथब्रशने शेंडे घासले, कारण मेणाच्या थराखाली फवारा पोचत नाही. त्यानंतर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबण. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालून. आठवड्याच्या अंतराने तीनदा.

डिसेंबरात गिलक्याच्या वेलावर पांढरं आलं. मी शहाणा, तोच अर्क मारला. काही फरक नाही. शेवटी पानावरून बोट फिरवलं, तर कोरडं पीठ लागलं, चिकटपणा नाही. भुरी, म्हणजे पिठासारखी दिसणारी बुरशी! दिवसा कोरडं, रात्री थंड, असं आपलं हिवाळी हवामान तिला मानवतं, आणि इतर बुरश्यांसारखं तिला रुजायला पान ओलं लागत नाही. गंधकाची पुडी घरात होती, पण वेलवर्गीय पानं गंधकाने भाजू शकतात, त्यात आधीचा तेलकट अर्क पानांवर होताच. खालची दाट पानं काढली, एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळच्या उन्हात फवारलं. जुने डाग तसेच आहेत, नवी पानं स्वच्छ आहेत.

भरताच्या वांग्यांबद्दल थोडक्यात: चार ड्रमांत चार रोपं, दोघांचे शेंडे माना टाकून. शेंडे पोखरणारी अळी. सुकलेला भाग थोडा खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडवला. बाकी मजेत.

आता तिसरं पांढरं. गेल्या रविवारी जास्वंदीवर पुन्हा कापूस दिसला आणि ब्रश हातात घेतला. तेवढ्यात त्यातला एक चालू लागला, पिठ्या ढेकणाला न शोभणाऱ्या वेगाने. मुलीचं भिंग आणून पाहिलं: लांब मेणाच्या झालरी, अंगाने ढेकणापेक्षा मोठा, आणि तोंडात ढेकणाची अंडी. ढालकिड्याची, म्हणजे ढेकूण खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याची, अळी! काही जातींच्या अळ्या अशाच पांढऱ्या झालरीत फिरतात. दिवाळीत याच ब्रशने अशा किती घासून काढल्या असतील, कोण जाणे.

सध्या जास्वंदीवर तशा पाच मोजल्यात. साबण आणि निंबोळी, दोन्ही बंद. परात मात्र ठेवली आहे.