केमन: ऑइल कूलरच्या आधी बंपर

मागच्या वेळी ट्रॅकवर इंजिन ऑइल फार तापलं, तेव्हा ते थंड करायला वेगळा ऑइल कूलर बसवावा का, हा प्रश्न होता. तो अजून घेतलेला नाही आणि सध्या घेणारही नाही. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर गाडी पुन्हा पळवून आलो. तिथल्या आकड्यांवरून तरी पैसे दुसरीकडे घालावेत असं दिसतंय.

गाडी तीच, पोर्शची केमन एस (९८७ पिढीची), ३.४ लिटर, मॅन्युअल. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक. ऑइल थंड करायला हवेवर चालणारा स्वतंत्र कूलर नाही. इंजिनवरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये ऑइल आपली उष्णता कूलंटला, म्हणजे रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवाला देतं, आणि कूलंट ती पुढे नेऊन हवेत सोडतं. त्यामुळे ऑइल तापलं की संशयाची सुई आधी या साखळीच्या शेवटाकडे, म्हणजे हवेकडे वळवायची.

गेल्या खेपेला ऑइल १२८ अंशांवर गेलं होतं आणि कूलंट १०६ वर. डॅशवरचा काटा मात्र ढिम्म, अगदी मध्यावर. बऱ्याच गाड्यांत तो तसाच बसवलेला असतो, मालकाचा जीव उगाच टांगणीला लागू नये म्हणून! खरे आकडे हवेत तर स्कॅनर जोडून लॉग काढावा लागतो.

मी चेंबूरच्या मेस्त्रींकडे कूलरचा विषय काढला. ते म्हणाले, "साहेब, आधी बंपर उतरवूया. कूलर कुठं पळून जातोय?" बंपर उतरवला. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट. त्या फटीत सोनमोहराच्या पाकळ्या, रेन ट्रीची बारीक पानं, गुटख्याची पाकिटं आणि पावसाळ्यातली माती असा गच्च थर बसला होता. बाहेरून जाळीतून डोकावलं तर कंडेन्सर चकचकीत. माटुंगा-दादरच्या झाडांखाली गाडी उभी करणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. नुसता पाइप मारून ही घाण निघत नाही. कंडेन्सर सोडवून पुढे ओढावा लागतो, मग मऊ ब्रश आणि मागच्या बाजूने पाण्याची हलकी धार. प्रेशर वॉशर लावलात तर पातळ फिन्स आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद.

त्यानंतर रेडिएटरच्या कडेने सुटणारी हवा फोम पट्टी लावून अडवली. हवा आळशी असते, आडवाट मिळाली तर जाळीतून कशाला जाईल? तोंडाशी ॲल्युमिनियमची जाळी बसवली. छिद्रं फार बारीक ठेवली नाहीत, नाहीतर तीच हवा अडवते. ती आणि क्लिपा नागदेवी स्ट्रीटवर मिळाल्या. या सगळ्याचा खर्च ऑइल कूलरच्या किटपुढे किरकोळ.

या वेळी हवा जवळपास तेवढीच गरम होती, ३२ अंश. कूलंट ९८ वर थांबलं, ऑइल ११८ वर. सेशनमध्ये एसी बंद ठेवला, कारण कंडेन्सरची उष्णता थेट रेडिएटरच्या तोंडावर येते.

कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा झडपेचा भाग) घ्यावा का, हे बरेच जण विचारतात. माझं मत: ट्रॅकवर मूळचा काय आणि हा काय, दोन्ही थर्मोस्टॅट पूर्ण उघडेच असतात, रेडिएटरची ताकद त्याने वाढत नाही. सुरुवात थोडी थंड होते, इतकंच.

आता ब्रेक ऑइल. मुंबईकरांनी खरं लक्ष इथे द्यायला हवं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या नेहमीच्या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत फक्त १५५. आपल्या जून ते सप्टेंबरात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, पिस्टन ढकलत नाही, पेडल थेट जमिनीला. म्हणून पावसाळा संपला की जुनं काढून नवं भरतो, मागच्या ट्रॅक डेला (सर्किटवर गाडी पळवण्याच्या दिवशी) किती तापलं याचा विचार न करता. रेसिंगच्या काही ऑइलचा कोरडा आकडा ३०० च्या वर असतो. पण आपल्यासाठी डब्यावरचा ओला आकडा जास्त महत्त्वाचा. कॅस्ट्रॉल एसआरएफ हे रेसिंगचं ब्रेक ऑइल महाग आहे, पण त्याचा ओला उत्कलनबिंदू २७० आहे, त्याचेच ते पैसे. अर्धी उरलेली बाटली कपाटात जपून ठेवू नका.

डिस्कवर हवा वळवायला पोर्शच्याच ९९७ जीटी३ चे प्लास्टिकचे डक्ट सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर बसवले. ब्रेकसाठी याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही. सेशन संपताना शेवटचा राउंड ब्रेक न दाबता सावकाश मारायचा आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकूड. या गाडीत हँडब्रेकचे वेगळे शू मागच्या डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर दाबले जातात, आणि तापलेल्या ड्रमवर ते दाबून ठेवले की चिकटू शकतात.

राहिला मधला तिसरा रेडिएटर. ऑटोमॅटिक केमनमध्ये तो येतो, माझ्या मॅन्युअलमध्ये जागा रिकामी आहे. पार्ट मिळेल, पाइपही जोडता येतील. पण आत गेलेली हवा गाडीखालून बाहेर पडायलाही वाट लागते, आणि त्यासाठी माझ्या बंपरचा खालचा भाग बदलावा लागेल. चेन्नईचा उन्हाळा या सेटअपने झेपला नाही, तरच त्याला हात घालीन.